नळी घरपोच, रिसीव्हर मात्र दुकानात

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवायला कुरिअरच्या काउंटरवर गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत काय आहे? चकली-चिवडा चालतो, पॉवर बँक चालत नाही, अत्तराच्या बाटलीवरून थोडी हुज्जत होते. का चालत नाही, हे काउंटरवरच्या मुलाला सांगता येतंच असं नाही. त्याच्यासमोर एक यादी असते आणि यादीत नाव निघालं की विषय संपतो.

अमेरिकेत ही यादी बंदुकीपाशी येते तेव्हा फारच चमत्कारिक होते. समजा, टेक्सासमधल्या एका गृहस्थाला सुटे भाग मागवून घरी रायफल जुळवायची आहे. हा तिथे चांगला रुळलेला छंद आहे. त्याने मागवलेली नळी दारात येऊन पडते. दस्ता, चाप, दुर्बीण, स्प्रिंगा, सगळं घरपोच येतं, बहुतेकदा सहीसुद्धा न घेता. पण जेमतेम वीतभर लांबीचा ॲल्युमिनियमचा एक तुकडा मात्र घरी येत नाही. तो गावातल्या परवानाधारक दुकानात उतरतो, तिथे अर्ज भरावा लागतो, सरकारी तपासणी होते आणि मगच तो हातात पडतो. या तुकड्यातून गोळी जात नाही, त्याला धार नाही, त्यात स्फोटक काही नाही.

दुसरं कोडं याहून विचित्र. याच गृहस्थाची जुनी रायफल बिघडली. ती दुरुस्तीला थेट कारखान्याकडे पाठवण्याची मुभा अमेरिकेचा संघराज्य कायदा त्याला देतो. तो खोकं बांधून कुरिअरच्या दुकानात जातो आणि तिथे त्याला नकार मिळतो. कायद्याला जे चालतं ते कंपनीला का चालू नये?

दोन्ही कोड्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रिकामी बंदूक प्रवासात काही करत नाही. ती गळत नाही, पेट घेत नाही, शेजारच्या खोक्याला इजा करत नाही. ती वाटेत कोणाच्या हाती लागेल, एवढीच खरी काळजी. त्यामुळे आत काय आहे, यापेक्षा पाठवतंय कोण आणि घेतंय कोण, या दोन प्रश्नांभोवती तिथले नियम उभे राहिले आहेत.

एकवीस डॉलरची रायफल

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅटलॉग चाळून जवळपास काहीही मागवता येई. सिअर्स, रोबक अँड कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये शिवणयंत्रं असत, तशी रिव्हॉल्वरंही असत. शहरांतली गुन्हेगारी वाढली तशी टपालाने येणाऱ्या पिस्तुलांवर टीका होऊ लागली आणि १९२७ मध्ये काँग्रेसने कायदा केला: अंगावर लपवता येतील अशी शस्त्रं, म्हणजे पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरं, सर्वसामान्य माणसाला टपालाने पाठवता येणार नाहीत. मोठ्या रायफलींना आणि शॉटगनना ही बंदी नव्हती.

कायद्याला एक भलंमोठं भोक होतं. बंदी फक्त सरकारी टपालाला होती. खासगी एक्सप्रेस कंपन्या पार्सलं नेत होत्या, त्यांना हा कायदा लागूच नव्हता. विक्रेत्यांनी शांतपणे टपाल सोडलं आणि एक्सप्रेस धरली.

या भोकाचं सर्वांत ठळक उदाहरण १९६३ मधलं आहे. ली हार्वी ऑस्वाल्ड नावाच्या तरुणाने एका मासिकातल्या जाहिरातीचं कूपन भरून शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडून मॅनलिकर-कार्कानो बनावटीची इटालियन रायफल मागवली. दुर्बिणीसह किंमत १९.९५ डॉलर, वर दीड डॉलर पाठवणावळ. मागणीवर नाव खोटं होतं, ए. हिडेल, आणि पत्ता डॅलसच्या टपाल कार्यालयातल्या भाड्याच्या पेटीचा. त्याच सुमारास त्याने लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या दुकानाकडून एक रिव्हॉल्वर मागवलं. दोन्ही वस्तू २० मार्च १९६३ या एकाच दिवशी रवाना झाल्या, पण वेगवेगळ्या वाटांनी. रायफल टपालाने गेली, कारण तिला बंदी नव्हती. रिव्हॉल्वर टपालाने जाऊ शकत नव्हतं, म्हणून ते रेल्वे एक्सप्रेस कंपनीने नेलं आणि उरलेले पैसे पार्सल सोडवताना वसूल केले. २२ नोव्हेंबरला त्या रायफलीने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा बळी घेतला आणि तासाभराच्या आत त्या रिव्हॉल्वरने डॅलसच्या एका पोलीस अधिकाऱ्याचा.

इतका ढळढळीत पुरावा समोर असूनही कायदा बदलायला आणखी पाच वर्षं लागली. टपालाने होणाऱ्या बंदूकविक्रीला आवर घालणारं विधेयक कनेक्टिकटचे सिनेटर थॉमस डॉड यांनी केनेडींच्या हत्येच्या आधीच, ऑगस्ट १९६३ मध्ये मांडलं होतं. ते रेंगाळत राहिलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे चक्रं हलली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. त्यातली मध्यवर्ती तरतूद अशी की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक पाठवायची तर ती परवानाधारक व्यापाऱ्याकडेच गेली पाहिजे. टपाल, रेल्वे, ट्रक, काहीही वापरा. नियम वाहनाला न लावता दोन टोकांच्या माणसांना लावला, म्हणून १९२७ चं भोक बुजलं.

१९२७ चा जुना कायदाही पुस्तकात राहिलाच. अलीकडे त्याला घटनात्मक आव्हान दिलं गेलं आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल तर ते टपालाने पाठवण्याला आडकाठी का, असा आव्हान देणाऱ्यांचा मुद्दा आहे.

बंदूक म्हणजे नेमका कोणता तुकडा?

आता त्या वीतभर तुकड्याकडे येऊ. बंदूक उलगडून टेबलावर मांडली तर पन्नासेक भाग सहज निघतात. कायद्याने बंदुकीवर नजर ठेवायची म्हटलं तर प्रत्येक स्प्रिंगेमागे पोलीस उभा करता येत नाही. म्हणून अमेरिकी कायद्याने एकच भाग निवडला: ज्या सांगाड्यात चापाची यंत्रणा बसते आणि ज्याला बाकीचे भाग जोडले जातात तो. लांब बंदुकीत त्याला रिसीव्हर म्हणतात, पिस्तुलात फ्रेम. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. मोटारीचे टायर, सीट, अगदी इंजिन बदललं तरी आरटीओच्या दृष्टीने गाडी कोणती, हे चॅसिस नंबर ठरवतो, तसंच हे. कायद्याच्या लेखी क्रमांकाचा तुकडा हीच बंदूक. बाकीचं सगळं तिचं सामान.

म्हणून नळी घरपोच येते. नळीशिवाय गोळी सुटणार नाही हे खरं, पण नुसत्या नळीने काही होत नाही. उलट रिसीव्हर एकटा असला तरी खोक्यात पूर्ण बंदूक आहे असंच कायदा समजतो. एआर-१५ जातीच्या रायफलीत रिसीव्हरचे वरचा आणि खालचा असे दोन अर्धे भाग असतात. क्रमांक खालच्यावर असतो, म्हणून वरचा घरी आणि खालचा दुकानात. ही विभागणी १९६८ च्या व्याख्येत नीट बसत नाही, अशी तक्रार कायदेपंडित बरीच वर्षं करत आले आणि काही आरोपी त्याच फटीतून सुटलेही.

या एकतुकडी व्याख्येला दोन मोठे अपवाद आहेत. आवाज दाबणारा सायलेन्सर हा दिसायला नळकांडं, पण १९३४ पासून त्याच्यावर स्वतंत्र नियंत्रण आहे आणि तो सुटा असला तरी कायदा त्याला बंदूकच मानतो. दुसरा अपवाद जास्त भीतीदायक आहे. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बसणारा, नाण्याएवढा एक भाग असतो, बोलीभाषेत त्याला स्विच म्हणतात. तो लावला की एकदा चाप दाबल्यावर गोळ्या सुटतच राहतात. हा भाग कायद्याने स्वतःच मशीनगन ठरतो, मग तो पिस्तुलाला लावलेला असो वा पाकिटात सुटा असो. परदेशातून, विशेषतः चीनमधून, असे भाग साध्या टपालाच्या पाकिटांतून येत राहिले. कस्टम्सच्या माणसाला तो खेळण्याचा सुटा भागही वाटू शकतो. रायफलीचं लांब खोकं ओळखणं सोपं, पाचशे पाकिटांतलं हे एक पाकीट हुडकणं कठीण.

दुसऱ्या टोकाला वयाची सवलत आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक १९६८ च्या कायद्यापुरती बंदूकच नाही, पुरातन वस्तू आहे. ती परवान्याशिवाय राज्याबाहेर पाठवता येते. ती आजही नेमकी गोळी मारू शकते, हा भाग अलाहिदा.

दुकानातून दुकानात

रीतसर पाठवलेल्या बंदुकीचा प्रवास कसा होतो ते पाहू. ओहायोतल्या माणसाने ऍरिझोनातल्या दुकानाची रायफल इंटरनेटवर पाहिली आणि पैसे भरले. रायफल त्याच्या घरी निघत नाही. तो आपल्या गावातल्या एखाद्या परवानाधारक दुकानदाराला गाठतो. तो दुकानदार आपल्या परवान्याची प्रत ऍरिझोनाला पाठवतो. तिथला विक्रेता परवाना क्रमांक एटीएफच्या संकेतस्थळावर पडताळून पाहतो. एटीएफ म्हणजे मद्य, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर देखरेख करणारा संघराज्याचा विभाग. पत्ता जुळला तरच खोकं रवाना होतं.

ओहायोत पोचल्यावर दुकानदार ते आपल्या आवक-जावक वहीत नोंदवतो. गिऱ्हाईक येऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं, ओळखपत्र दाखवतं आणि दुकानदार नोव्हेंबर १९९८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय तपासणी यंत्रणेला विचारणा करतो. या माणसाला शिक्षा झालेली आहे का, तो कायद्याने अपात्र आहे का, एवढंच ती यंत्रणा बघते. होकार आला की दुकानदार आपली फी घेऊन रायफल हातात देतो. म्हणजे इंटरनेटवर बंदूक विकत घेता येते, पण ताबा समोरासमोरच मिळतो.

या सगळ्यात वाहतूक कंपनीवर कायद्याने टाकलेली कामं मोजकी आहेत. परवाना नसलेल्या माणसाकडे बंदूक जात असेल तर पाठवणाऱ्याने कंपनीला तसं लेखी कळवलं पाहिजे. कंपनीने पार्सल देताना पोच लिहून घेतली पाहिजे. हे पाठवणं बेकायदा आहे असं माहीत असेल, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असेल, तर ते नेता कामा नये. आणि एक तरतूद ऐकायला उफराटी वाटेल अशी आहे: आत बंदूक आहे असं खोक्याच्या बाहेर लिहायला कंपनीने कोणालाही भाग पाडायचं नाही. ॲसिडच्या डब्यावर, बॅटरीच्या खोक्यावर खुणा हव्यात, कारण हमालाला सावध करायचं असतं. बंदुकीच्या खोक्यावर खूण नको, कारण तीच चोराला आमंत्रण ठरते. म्हणून खोकं साधं ठेवतात आणि पाठवणाऱ्या दुकानाच्या नावात ‘गन’ शब्द असेल तर तोही वर येऊ देत नाहीत.

चौकट: खोक्यात काय आहे, त्यावर काय ठरतं (अमेरिका)

पूर्ण बंदूक, रिसीव्हर किंवा फ्रेम: दुसऱ्या राज्यात परवानाधारकाकडेच. कारखान्यात दुरुस्त झालेली बंदूक मात्र मूळ मालकाकडे थेट परत जाऊ शकते.
नळी, दस्ता, चाप, दुर्बीण: संघराज्याच्या कायद्यात साधा माल. राज्याचे आणि कंपनीचे नियम वेगळे असू शकतात.
मॅगझिन: साधा माल. पण दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत निर्बंध, म्हणून विक्रेता आधी पत्ता पाहतो.
सायलेन्सर: एकटा असला तरी बंदूक.
स्विच: एकटा असला तरी मशीनगन.
काडतुसं: सरकारी टपालाने अजिबात नाही. खासगी कंपनीकडून, ठरलेल्या खुणेसह.

काडतुसांचं उलट गणित

बंदूक आणि काडतूस एका खोक्यात भरता येत नाहीत, हे कोणालाही पटेल. पण सुट्या काडतुसांचे नियम बंदुकीच्या अगदी उलट दिशेने जातात. संघराज्याच्या कायद्यानुसार प्रौढ माणसाच्या घरी काडतुसांचं खोकं थेट येऊ शकतं, मध्ये दुकानदार लागत नाही. (काही राज्यांनी आपली बंधनं वर घातली आहेत.) मात्र खोक्यावर बाहेरून खूण हवी: कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, ज्याचा वरचा आणि खालचा कोपरा काळा. मर्यादित प्रमाणात धोकादायक माल, असा तिचा अर्थ. २०२० संपेपर्यंत जुनी, वेगळी खूणही चालत असे, आता नाही.

इथे भीती प्रवासातलीच आहे, पण तीही वाटते त्यापेक्षा कमी. बंदुकीत काडतूस पोलादी खोबणीत घट्ट बसलेलं असतं. दारू पेटली की गरम वायूला सगळीकडून भिंत आडवी येते, सुटायला वाट एकच उरते, पुढची, आणि त्या वाटेवर गोळी असते. म्हणून सगळा जोर गोळीला मिळतो. खोक्यातल्या सुट्या काडतुसाभोवती अशी भिंत नसते. आग लागून ते फुटलंच तर पितळेची पातळ पुंगळी फाटते, वायू चहूकडे पसरतो आणि गोळीला वेग फारसा मिळत नाही. फुटलं तरी परिणाम खोक्यापुरता राहील, अशा मालाची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, १.४ एस. बहुतेक छोटी काडतुसं तिच्यात मोडतात. घरी काडतुसं भरणारे लोक सुटी दारू आणि टोप्या मागवतात, त्यांना मात्र धोकादायक मालाचा वेगळा आकार भरावा लागतो. डब्यात कोंडलेली सुटी दारू तयार काडतुसांपेक्षा जास्त बेभरवशाची असते.

अमेरिकी टपालखातं या बारकाव्यांत शिरत नाही. काडतुसं घेणारच नाही, असं त्याने सांगून टाकलं आहे. त्यामुळे असा उलटा प्रकार होतो की टपाल कार्यालयात रिकामी रायफल नियमांत बसवून पाठवता येते, पण तिची एक गोळी पाठवता येत नाही. खासगी कंपन्यांकडे गोळ्या जातात आणि सामान्य माणसाची रायफल जात नाही.

कंपनी कायद्याच्या पुढे का जाते?

आता दुसरं कोडं. युपीएस आणि फेडेक्स या दोन मोठ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत दार जवळपास लावून घेतलं आहे. बंदूक पाठवायची तर तुमच्याकडे व्यापारी परवाना हवा आणि शिवाय कंपनीशी लेखी करार हवा. सामान्य मालकाने काउंटरवर येऊन खोकं देणं बंद. सही एकवीस वर्षांवरच्या माणसाचीच लागते. दारूगोळा वेगळ्या खोक्यात, वेगळ्या दिवशी पोचेल असा पाठवा, असंही काही ठिकाणी सांगितलं जातं. डीएचएलच्या यादीत तर पूर्ण बंदूक सरळ निषिद्ध मालात आहे.

पहिलं कारण चोरीचं, आणि ही चोरी बरेचदा घरातलीच असते. १९९९ मध्ये युपीएसने ठरवलं की पिस्तुलं फक्त दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या महागड्या हवाई सेवेनेच न्यायची. सुरक्षा हा शब्द अनेक कंपन्या नुसता चिकटवतात, पण इथे त्याला अर्थ होता. गोदामांतून, आपल्याच कामगारांच्या हातून पिस्तुलं गायब होत होती. वेगवान सेवेत खोकं कमी तास रस्त्यावर असतं, कमी गोदामांत मुक्काम करतं, कमी हातांतून जातं. बाहेरचे चोरही आहेतच. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेल्वेमार्गावर फोडलेल्या पार्सलांचा खच पडल्याची चित्रं जगभर दिसली. त्या मालगाड्यांच्या डब्यांतून डझनावारी बंदुका चोरीला गेल्याचं शहराच्या पोलीसप्रमुखांनी सांगितलं. टीव्ही चोरीला गेला तर कंपनी भरपाई देऊन मोकळी होते. चोरीला गेलेलं पिस्तूल पुढे एखाद्या खुनाच्या तपासात सापडतं आणि त्याच्या क्रमांकावरून शेवटचा ठावठिकाणा निघतो कंपनीच्या ट्रकचा. २०१६ पासून वाटेत हरवलेल्या बंदुकीची खबर देण्याची जबाबदारी स्पष्टपणे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यावर आहे, तीही कळल्यापासून ४८ तासांत. पण कागदावर जबाबदारी व्यापाऱ्याची असली, तरी बातमीत नाव कंपनीचं येतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते बंदुकीमुळे आलेलंच नाही. ते आलं सिगारेट आणि औषधांच्या गोळ्यांमुळे. आम्ही रोज लाखो खोकी नेतो, आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार, हा वाहतूकदारांचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला बचाव. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेन राज्याचा एक कायदा एकमताने रद्द केला. अल्पवयीनांना तंबाखू मिळू नये म्हणून त्या राज्याने पार्सल तपासण्याचं काम कुरिअरवर टाकलं होतं. देशभरच्या वाहतुकीवर राज्यागणिक वेगळे नियम चालणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. कंपन्या जिंकल्या, असं वाटलं.

पण मग वारं फिरलं. इंटरनेटवरच्या बेकायदा औषधविक्रेत्यांची पार्सलं नेल्याच्या प्रकरणात युपीएसने २०१३ मध्ये ४ कोटी डॉलर भरून समझोता केला. फेडेक्सने समझोता नाकारला, २०१४ मध्ये तिच्यावर थेट फौजदारी आरोप ठेवले गेले आणि २०१६ मध्ये ऐन सुनावणीत सरकारने खटला मागे घेतला. कंपनी सुटली, पण दोन वर्षं वकिलांवर गेली. आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने युपीएसला सुमारे २४.७ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कर न भरलेल्या सिगारेटी ती नेत होती, आणि ते तिला कळायला हवं होतं, असं न्यायाधीशांचं म्हणणं. अपिलात ही रक्कम बरीच कमी झाली, तरी धडा पक्का बसला. कळायला हवं होतं, हे तीन शब्द ज्याच्या डोक्यावर टांगलेले आहेत तो शंका आली की नाहीच म्हणणार. सामान्य ग्राहकाच्या दहा बंदुकांतून कंपनीला मिळणारं भाडं अशा एका खटल्यापुढे काहीच नाही.

ही सावधगिरी कधी कधी विनोदाच्या हद्दीत जाते. २०१४ मध्ये टेक्सासच्या डिफेन्स डिस्ट्रिब्यूटेड या कंपनीने धातू कोरणारं एक छोटं संगणकचलित यंत्र विकायला काढलं. अर्धवट घडवलेला रिसीव्हर त्यात लावला की घरबसल्या पुरा करता येई. यंत्रात बंदुकीचा एकही भाग नव्हता, ते विकायला कायद्याची बंदी नव्हती, आणि तसं पाहिलं तर कुठल्याही वर्कशॉपमधल्या मिलिंग मशीनवर तेच काम होतं. तरी फेडेक्स आणि युपीएसने ते न्यायला नकार दिला. माझ्या मते हा नकार तर्काला धरून नव्हता. पण खासगी करारात तर्क सिद्ध करावा लागत नाही.

अर्धवट रिसीव्हरचा प्रश्न मात्र खरा होता. ऐंशी टक्के बंदूक, वर थोडी छिद्रं पाडायची, क्रमांक नाही, म्हणून कायद्याने बंदूक नाही: अशा संचांची खोकी घरपोच जाऊ लागली. त्यांतून बनलेल्या बिनक्रमांकाच्या बंदुकांना भूत-बंदुका म्हणू लागले, कारण गुन्ह्यात सापडली तर तिचा माग लागत नाही. एटीएफने २०२२ मध्ये नवा नियम काढला की सहज पुरा करता येईल असा संचही बंदूकच धरला जाईल. ऑगस्ट २०२२ मध्ये तो लागू झाला. विक्रेते न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम मुळातच अवैध असल्याचा दावा फेटाळला. निकाल लिहिला न्यायमूर्ती नील गोरसच यांनी, जे एरवी सरकारी अधिकार वाढू देण्याच्या बाजूचे नाहीत. त्यांनी एका चाचणीचा उल्लेख केला. तो संच आधी कधीही न पाहिलेल्या माणसाने साध्या हत्यारांनी त्यातून २१ मिनिटांत चालणारं पिस्तूल बनवलं होतं.

कंपन्यांचे कडक नियमही याच काळातले, म्हणून रिपब्लिकन पक्षाच्या अनेक राज्य महाधिवक्त्यांनी २०२२ मध्ये युपीएस आणि फेडेक्सला खरमरीत पत्रं लिहिली. ग्राहकांच्या बंदुकांची माहिती गोळा करून तुम्ही सरकारला मागच्या दाराने देणार का, असा त्यांचा सवाल होता. कायद्याने करता न येणारी गोष्ट सरकार खासगी कंपन्यांकडून करून घेतंय, हा संशय तिथल्या बंदूकधारकांच्या मनात खोल आहे. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, पण सिगारेटच्या दंडाचा आकडा पाहिला की कंपन्यांना घाबरायला सरकारी इशाऱ्याची गरज होती असंही वाटत नाही.

आपल्याकडे सगळेच तुकडे बंदूक

भारतात हे कोडं पडतच नाही. शस्त्र कायदा, १९५९ ची व्याख्या ‘शस्त्र’ म्हणताना शस्त्रांचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्यातच धरते. म्हणजे टेक्सासमध्ये दारात येऊन पडणारी नळी इथे शस्त्रच आहे, आणि डिफेन्स डिस्ट्रिब्यूटेडचं ते कोरणारं यंत्र कुठल्या कलमात बसवायचं याचीही फार चर्चा करावी लागली नसती. शस्त्रांच्या ने-आणीवर परवान्याची अट घालण्याचा अधिकार याच कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे आणि तपशील २०१६ च्या शस्त्र नियमांत आहेत. सामान्य कुरिअरवाला या वाटेला जातच नाही. आपल्याकडे परवान्याची बंदूक मालकाबरोबर प्रवास करते, आणि परवाना एका राज्यापुरता आहे की अखिल भारतीय, यावर तिची सरहद्द ठरते.

हा जाच सर्वांत जास्त कळतो तो नेमबाजांना. कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे असे नेमबाज दिले. अशा खेळाडूची रायफल पार्सलने पुढे जाऊन हॉटेलात वाट पाहत नाही. ती त्याच्याच विमानात, रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, सामानाच्या कक्षातून जाते. काडतुसांसाठी विमान कंपनीची आगाऊ संमती लागते, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पॅकिंगसकट माणशी ५ किलोची मर्यादा असते आणि दोन खेळाडूंना आपला कोटा एका खोक्यात एकत्र करता येत नाही. निघताना आणि परतताना रायफलीचा क्रमांक कागदांशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे स्पर्धेच्या दौऱ्यावर निघालेला संघ इतर प्रवाशांच्या बराच आधी विमानतळावर हजर असतो, आणि व्यवस्थापकाच्या हातातली सर्वांत जाड फाइल ही कागदपत्रांची असते.